सीटखालचं सोलापूर

लोसर, स्पीती
२८ सप्टेंबर २०२४

ती. वेणीमाधवकाका,

नमस्कार. फोन केला असता तर "तोंडी बोललेलं टिकत नाही, लेखी दे" म्हणून तुम्ही ठेवून दिला असता, म्हणून आधीच लेखी देते आहे. इथल्या शाळेत दुपारी दोन तास इंटरनेट असतं. तिथून या कागदाचा फोटो काकूंच्या फोनवर पाठवते. तुम्ही उत्तर लिहा आणि काकूंना त्याचा फोटो पाठवायला सांगा.

मुद्द्याचं सांगते. तुमची मोटारसायकल, म्हणजे मार्चपासून माझी झालेली, खोकायला लागली आहे. करमाळ्याच्या घरापासून इथपर्यंत तेवीसशे किलोमीटर बिचारी मुकाट चालली. दहा हजार फुटांच्या वर जरा कुरकुरली. काझा सोडलं आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मग काळा धूर, ढेकर, आणि वेग वीसच्या वर जाईना. दिवा लागला की गाडीतला कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिनाचा लगाम स्वतःच आवळून धरतो म्हणे. परवा कुंझुम घाट चढायला निघाले, तर तिसऱ्या वळणावर एका मेंढपाळानं चालत मला मागं टाकलं. मागोमाग त्याच्या मेंढ्यांनीही टाकलं.

घाटाच्या पायथ्याला, लोसरमध्ये, नोरबू नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज आहे. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, ही गाडी पूर्वी इतक्या उंचीवर आली आहे का? मी छाती पुढं काढून सांगितलं, आमचे काका २०१९ साली हिला एकट्यानं लडाखला घेऊन गेले होते, अठरा हजार फुटांवर. त्यानं गाडीला नमस्कारच केला. मग म्हणाला, तेव्हा कशी चालली, ते नीट विचारून घ्या. तर सांगा.

गंमत सोडून सांगते, मला घाई आहे. बाबा काय म्हणाले होते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही समोरच बसला होतात. सगळ्या चुलत्यांच्या देखत म्हणाले, "येणीमादव ह्याच गाडीवर लडाखला जाऊन आला म्हनतो, तर जा. पर गाडी ट्रकात घालून आणलीस, तर पुन्यांदा असल्या गोष्टीचं नाव काढायचं न्हाय." मला बाबांचा ट्रक चांगला कळतो काका. एकदा तो आला की जन्मभर आडवा येणार. नोकरी बदलते म्हटलं की ट्रक, आत्ताच लग्न नको म्हटलं की ट्रक. मला हा घाट स्वतःच्या चाकांवर ओलांडायचा आहे. बर्फ कधीही पडेल, आणि सतरा तारखेला कॉलेजात हजर व्हायचंय. अकरापर्यंत घाट पार झाला नाही, तर विषय संपला.

तुमची,
अपेक्षा

*

जुळे सोलापूर
दि. १ ऑक्टोबर २०२४

विषय: मोटारसायकलच्या कथित खोकल्याबाबत.
संदर्भ: आपले दि. २८ सप्टेंबरचे पत्र.

चि. अपेक्षा हीस अनेक आशीर्वाद.

संदर्भीय पत्र प्राप्त झाले. वाचून खेद झाला, परंतु आश्चर्य वाटले नाही. सदर वाहन माझ्या ताब्यात असताना अठरा हजार फूट उंचीवर एकदाही खोकल्याचे माझ्या स्मरणात नाही. सबब दोष वाहनात नसून चालविण्याच्या पद्धतीत असावा, असे प्रथमदर्शनी दिसते. चढावर तू गिअर उशिरा बदलत असशील. पेट्रोल कोठे भरलेस, पावती घेतलीस काय, याचा पत्रात उल्लेख नाही. कोषागारात मी चौतीस वर्षे काढली. अपुऱ्या कागदपत्रांवर मी कधीही शेरा मारलेला नाही. तरी तुझ्यासाठी अपवाद करीत आहे.

उंचीवर गेल्यावर माणसाप्रमाणे वाहनासही विरळ हवेची सवय व्हावी लागते. मी प्रत्येक मुक्कामी वाहनास एक पूर्ण दिवस विश्रांती देत असे. खारदुंगला येथे तर मी इंजिन बंद करून पाच मिनिटे मौन पाळले होते. त्याचा वाहनावर फार चांगला परिणाम झाला.

त्या मेकॅनिकास कळवावे की, २०१९ नंतर वाहनात कोणताही बदल करण्यात आलेला नाही. ज्या स्थितीत ते लडाखला होते, त्याच स्थितीत तुझ्या स्वाधीन केले आहे. हे मी लेखी देत आहे.

जाता जाता एक आनंदाची बातमी. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने यंदापासून दसऱ्यास 'सीमोल्लंघन पुरस्कार' देण्याचे ठरविले असून पहिला मान एकमताने मला दिला आहे. अध्यक्ष चनमल्लप्पा यांनी चौकात मोठा फ्लेक्स लावण्याचे योजिले आहे. त्यासाठी त्यांना माझा बर्फातील फोटो हवा आहे. तुला ठाऊकच आहे, थंडीमुळे माझा कॅमेरा लेहलाच गोठला होता. तरी तू घाटाचा एक चांगला, मोकळा, माणसे नसलेला फोटो पाठवावास. पुढचे फ्लेक्सवाला बघून घेईल.

तुझा शुभचिंतक,
वे. मा. जेऊरकर
(सेवानिवृत्त मुख्य लिपिक)

*

लोसर
४ ऑक्टोबर

ती. काका,

गाडीला पूर्ण एक दिवस विश्रांती दिली. इंजिन बंद करून पाच मिनिटं मौनही पाळलं. नोरबू आधी हसला, मग माझ्याबरोबर उभा राहिला. गाडीवर परिणाम शून्य.

तुमचं लेखी निवेदन मी त्याला हिंदीत वाचून दाखवलं. तेव्हापासून त्याचं डोकं चालेनासं झालं आहे. त्याचं म्हणणं असं, की जी गाडी जशीच्या तशी अठरा हजार फुटांवर चालली, ती साडेतेरा हजारांवर अडते, म्हणजे बिघाड नवा आहे, वाटेत झालेला आहे. त्या हिशेबानं त्यानं गेले दोन दिवस सगळं नवं-नवं शोधलं. टाकीतलं पेट्रोल काढून गाळलं. एअर फिल्टर बदलला. स्पार्क प्लग काढला तर तो चुलीतून काढल्यासारखा काळा. नवा घातला, तोही अर्ध्या तासात काळा. वायरी एकेक करून तपासल्या. रात्री माझ्या अंथरुणालाही पेट्रोलचा वास येतो.

आज काझाहून गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं यंत्र आणलं आणि भलतीच गोष्ट कळली. गाडीत हवेचा दाब मोजणाऱ्या दोन छोट्या डब्या, म्हणजे सेन्सर, असतात. एक इंजिनाकडे जाणारी हवा मोजते, दुसरी बाहेरची. त्या दोघींचं पटत नाही. मी फिजिक्स शिकवते, म्हणून आकडे मागून घेतले. बाहेरचा दाब इथे साठ-एकसष्ट किलोपास्कल असायला हवा. बाहेरची डबी सांगते, शहाण्णव! मी कागदावर उंची काढून बघितली काका. शहाण्णव म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण पंधराशे फूट. म्हणजे तंतोतंत सोलापूर.

गाडी साडेतेरा हजार फुटांवर उभी आहे, आणि तिचा कॉम्प्युटर समजतो आपण जुळे सोलापुरात पार्किंगमध्ये आहोत. म्हणून तो भरल्या हवेच्या मापानं पेट्रोल ओततो, इथे हवाच नाही, आणि त्या पेट्रोलमध्ये इंजिन गुदमरतं. मला इतकं हसू आलं की नोरबूच्या बायकोनं पाणी आणून दिलं.

आता अडचण. ती डबी सीटखाली आहे, काडेपेटीएवढी, काळी. तिच्यावर एक लाल गोल सील आहे. अगदी सुबक, वर काहीतरी उमटवलेलं, धुळीनं भरल्यामुळे वाचता येत नाही. नोरबू म्हणतो हे कंपनीचं सील आहे. डबी आतून बंद केलेली असेल आणि ते सील तोडलं, तर डबी कायमची मेली. मग गाडी चालूच होणार नाही, वीसनंही नाही. नवी डबी चंडीगडहून यायला आठ दिवस लागतात. तोवर घाटही गेला आणि कॉलेजही.

म्हणून नीट आठवून सांगा. लडाखला जाताना किंवा येताना कुठल्या गॅरेजनं सीट काढली होती का? तिथे वर गेल्यावर हा दिवा एकदाही लागला नव्हता का? नोरबूचा भाऊ लेहला असतो, गॅरेजचं नाव कळलं तर तो जाऊन विचारूनसुद्धा येईल.

घाटाचा फोटो पाठवते आहे. माणसं नाहीत. मेंढ्या आहेत, त्या फ्लेक्सवाल्याला काढता येतील.

अपेक्षा

*

जुळे सोलापूर
दि. ६ ऑक्टोबर २०२४

विषय: वाहन परत आणण्याबाबत.

चि. अपेक्षा हीस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लेह येथील गॅरेजचे नाव स्मरणात नाही. नोरबूच्या भावास विनाकारण त्रास देऊ नये.

सील ही साधी वस्तू नव्हे. जबाबदार माणसाने विचारपूर्वक केलेली ती एक व्यवस्था असते. कोणतेही सील सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. सबब सीटखालील सीलास हात लावू नये.

सर्व बाबींचा साकल्याने विचार करता, तू वाहन ट्रकमध्ये घालून परत आणावे, हे इष्ट. जिवापेक्षा घाट मोठा नाही. तुझ्या वडिलांशी, आबासाहेबाशी, मी बोलेन. त्यास मी शाळेपासून ओळखतो, तो समजून घेईल.

वे. मा. जेऊरकर

*

(त्याच दिवशी, त्याच फोनवरून, तासाभरानं आलेला फोटो. वहीचं पान, अक्षर वेगळं.)

अपेक्षाबाळा,

मी अनसूयाकाकू. त्यांच्या पत्राचा फोटो मीच काढते, म्हणून मला सगळं वाचायला मिळतं. आज मात्र वाचून राहवलं नाही. ते फिरायला गेलेत तोवर लिहिते.

तुला ट्रकात बसवायला निघालेत. हे मी होऊ देणार नाही. ऐक. तुझे काका लडाखला गेलेच नव्हते.

२०१९ च्या जूनमध्ये सगळ्या कॉलनीनं हार घालून, नारळ फोडून, हलगी लावून त्यांना निरोप दिला. चनमल्लप्पांनी हिरवी झेंडी दाखवली. आणि हे भिगवणपर्यंत गेले. तिथून मला फोन, "अनसूये, मला पुढं जावत नाही." मी म्हटलं, मग घरी या. म्हणाले, "हार घालून निघालेला माणूस संध्याकाळी कसा परत येणार?" शेवटी माझा भाऊ देवदत्त वैरागजवळ मळ्यात राहतो, त्याच्याकडे पाठवले. अठरा दिवस तिथे राहिले.

आता पुढचं ऐकून तू हसशील, पण मला तेव्हा रडू आलं होतं. "मीटर जुळला पाहिजे," म्हणाले. लडाखला जाऊन येणाऱ्या गाडीचा मीटर सव्वापाच हजारांनी पुढं जायला हवा. मग रोज सकाळी न्याहारी करून निघायचे. वैराग, बार्शी, कुसळंब, परत वैराग, परत बार्शी. रोज तीनशे किलोमीटर. रोजची नोंद वहीत. कुणी ओळखू नये म्हणून हेल्मेट काढायचे नाहीत. देवदत्त म्हणतो, जेवायला बसतानासुद्धा आधी दार लावून घ्यायचे. बाळा, जेवढ्या अंतरात माणूस लडाखला जाऊन येतो, तेवढं अंतर हे बार्शी तालुक्यात फिरले.

पाच वर्षं मी हे पोटात ठेवलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. आता तुझं बिघडतंय. त्या सीलाचं काय ते मला कळत नाही, पण तुझं पत्र वाचल्यापासून ते अर्ध्या ताटावरून उठतात. काय ते त्यांना ठाऊक आहे. तू विचार. माझं नाव घेऊ नको.

काकू

*

लोसर
८ ऑक्टोबर

ती. काका,

काल बर्फ पडलं. फार नाही, बोटभर. पण गावातल्या लोकांनी घाटाकडे बघून माना हलवल्या, आणि इथे मान हलली की समजायचं.

बटाट्याचा एक ट्रक परवा, दहा तारखेला सकाळी इथून खाली निघतो आहे. मागं गाडी आडवी घालायची आणि पुढं मी ड्रायव्हरशेजारी बसायचं. त्याला उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्ही मला पहिल्यांदाच 'जिवापेक्षा' वगैरे लिहिलंत. एरवी तुम्ही पावती विचारली असतीत. म्हणून मला शंका आली.

मी तुम्हाला लडाखबद्दल काहीही विचारत नाही. कुठलं गॅरेज, कुठला रस्ता, काही नको. तुमचा दसरा तुम्हाला लखलाभ. फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या, एका वाक्यात, विषय-संदर्भ न घालता: ते सील कंपनीचं आहे, की नाही?

कंपनीचं असेल तर मी उद्या ट्रकला हो म्हणते. तुमच्यावर राग धरणार नाही. पण ते कंपनीचं नसेल, आणि तरी मी ट्रकात बसून करमाळ्याला उतरले, तर काका, पुढच्या प्रत्येक वेळी बाबा 'ट्रक' म्हणतील तेव्हा मला तुमचं तोंड आठवेल. हे मात्र मी लेखी देते.

अपेक्षा

*

सोलापूर, ९ ऑक्टोबर
सकाळी सव्वासात

अपेक्षा,

सील माझे आहे. तोड.

चाकू जरा तापवून घे आणि कडेने हळू फिरव, लाख आहे, लगेच सुटेल. खाली तिळाएवढे छिद्र आहे. डबीला काही होणार नाही. ट्रकवाल्यास नाही म्हणून सांग, मग पुढचे वाच.

गाडी २०१८ मध्ये घेतली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आपली सोलापूरची धूळ सगळीकडे शिरलेली दिसली. मला धूळ सहन होत नाही. कोषागारात स्ट्राँगरूमच्या कुलपापासून परीक्षेच्या पेट्यांपर्यंत चौतीस वर्षे मी लाख लावीत आलो. निवृत्तीच्या वेळी माझा पितळी शिक्का मला आठवण म्हणून मिळाला होता. मी गाडीला जिथे जिथे छिद्र दिसले, तिथे तिथे लाख ओतली आणि शिक्का मारला. एकूण अकरा. बाकीची पुढे सर्व्हिसिंगमध्ये निघाली. हे एक सीटखाली राहिले. हे छिद्र गाडीला श्वास घेण्यासाठी ठेवले आहे, हे माझ्या डोक्यात आले नाही. छिद्र दिसले की बंद करायचे, एवढेच मला येते.

तुझे शहाण्णव आकड्याचे पत्र आले, तेव्हाच मला सगळे कळले होते. सील माझे म्हटले असते तर नोरबूने पहिला प्रश्न विचारला असता, मग लडाखला गाडी चालली कशी? त्याचे माझ्याकडे उत्तर नाही. कारण गाडी लडाखला गेलेलीच नाही. मी भिगवणवरून वळलो. आणि ते झाकण्यासाठी तुला ट्रकात घालायला निघालो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

तू म्हणशील, सव्वापाच हजार किलोमीटर गाडी चालवणारा माणूस भ्यायला कशाला. (होय, तेवढी चालवली, बार्शी तालुक्यात. अनसूयेने तुला सांगितले असेलच. परवापासून ती माझ्याशी फार गोड बोलते आहे.) अंतराला मी भ्यालो नाही. भिगवणला एका धाब्यावर चहा मागितला. पोऱ्याने मला "ओ म्हातारबा, गाडी तिकडं लावा" म्हटले. एवढेच. माझ्या लक्षात आले, इथून पुढे अडीच हजार किलोमीटर मला कुणी साहेब म्हणणार नाही. मी कोण, हे एकाही माणसाला ठाऊक नसणार. ते मला झेपेना. घाटाबिटाचे काही नव्हते.

तुला हे कळणार नाही. तू तर तिथे मेंढ्यांनी मागे टाकले तरी हसतेस.

वेणीमाधवकाका

*

मनाली
१२ ऑक्टोबर, दसरा

ती. काका,

काल सकाळी दहा वाजता घाट पार झाला. पंधरा हजार फूट. वर झेंड्यांची माळ आणि वारा इतका की उभं राहवेना. गाडी एकदाही खोकली नाही.

नोरबूनं चाकू तापवून सील काढलं, तेव्हा आतून अगदी बारीक 'फुस्स' आवाज आला. सहा वर्षांची सोलापूरची हवा! यंत्रावरचा आकडा शहाण्णववरून झर्रकन एकसष्टला उतरला. नोरबू हात जोडून म्हणाला, "आता हिला कळलं ती कुठे आहे."

तो मला सारखं विचारत होता, लाख कुणी लावली? मी म्हटलं, आमच्याकडे एक जबाबदार माणूस आहे.

काका, तुमच्यावर मी चिडले होते. खूप. सहा तारखेच्या पत्राचा फोटो फोनमधून पुसून टाकला होता, मग परत मिळवून ठेवला. पण नऊ तारखेचं आलं तेव्हा ट्रकवाला समोरच उभा होता, आणि सव्वासातला लिहिलेलं पत्र मला दुपारी बरोबर वेळेवर मिळालं. शाळेतलं इंटरनेट त्या दिवशी एकच तास होतं. तुम्ही दुपारपर्यंत विचार करत बसला असतात, तर मी आत्ता बटाट्यांबरोबर असते.

बाबांना मी काही सांगणार नाही. तुमचा आज पुरस्कार आहे, तो घ्या. मला घाट मिळाला, माझं काही राहिलं नाही.

अपेक्षा

*

सोलापूर
१४ ऑक्टोबर

चि. अपेक्षा,

तू काही सांगणार नाही म्हटलेस, पण नऊ तारखेनंतर मला न सांगणे जमेना. म्हणून दोन्ही ठिकाणी सांगितले. काय झाले ते कळवतो.

दसऱ्याला चौकात फ्लेक्स होता. तुझा घाट, त्यावर माझा पेन्शनच्या अर्जातला फोटो, आणि फ्लेक्सवाला एक मेंढी काढायला विसरला होता. सभागृह भरलेले. चनमल्लप्पांनी शाल घातली. मी माइकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मी लडाखला गेलो नव्हतो. मी भिगवणवरून परत फिरलो आणि अठरा दिवस बार्शी तालुक्यात होतो."

मग चनमल्लप्पा उठले, त्यांचे डोळे पाणावलेले. म्हणाले, "बघा मंडळी, ह्याला म्हणत्यात मोठेपणा! अठरा हजार फुटावर जाऊन आलेला माणूस म्हणतो, मी कुठं गेलोच न्हाई की!" टाळ्या. मी माझी रोजच्या फेऱ्यांची वही काढून दाखवली, तारखा वाचल्या. कुणीतरी ओरडले, "बघा, सराव किती केला होता!" पुन्हा टाळ्या. एका वक्त्याने तर सांगितले की, खरा प्रवास बाहेरचा नसतोच, आतला असतो. मी म्हटले, अहो, आतला नव्हे, बार्शीचा होता. सभागृह हसून लोटपोट. आता अक्कलकोटला 'विनम्रता आणि हिमालय' या विषयावर माझे व्याख्यान ठेवले आहे. चौतीस वर्षे खोट्या कागदावर मी कुणाला सही करू दिली नाही, आणि माझा खरा कागद कुणी घेत नाही.

मग काल सकाळच्या एसटीने मी करमाळ्याला गेलो. मनात एकच होते. पुरस्काराचे जाऊ दे, पण आबासाहेबाने तुला माझ्या शब्दावर पाठवले होते. तो शब्द खोटा होता. तुला काही झाले असते तर? हे त्याला सांगितल्याशिवाय मला झोप लागत नव्हती.

तो मक्याला पाणी देत होता. मी बांधावर उभे राहूनच सगळे सांगितले. लाख, सील, भिगवण, ट्रक, सगळे. त्याने खोरे खाली ठेवले नाही.

"ठावं हाय मला," म्हणाला.

मी म्हटले, कधीपासून?

"तवापासनंच. ठेवणीतला उडीद इकाय बार्शीला आलो हुतो. आख्ख्या बाजारात हेल्मेट घालून पायी वांगी घेत हिंडणारा मानूस एकच. सगळा बाजार बघत हुता तुला. तुज्या चालीवरनं वळखलं."

मी विचारले, "मग माझ्या शब्दावर पोरीला पाठवलीस कशी?"

"तुज्या शब्दावर?" तो असा हसला की शेजारच्या रानातली माणसे वळून बघायला लागली. "तुज्या शब्दावर मी शेळी धाडली नसती कुर्डुवाडीला. पोरगी जाते म्हनली. ती जाईल आन् येईल, मला ठावं हाय की. पर चार भाऊ बसल्यात, त्यांच्यापुढं बापानं व्हय कसं म्हनायचं? म्हनून तुजं नाव फुडं केलं. लई उपेगी पडलास."

"आणि गाडी ट्रकात घालून आणली असती तर?"

तेव्हा त्याने खोरे टेकवले. मग म्हणाला, "तर काय. ट्रक घिऊन मीच गेलो असतो तितं. बसली असती माझ्या शेजारी."

अपेक्षा, हे तो तुला स्वतः कधी सांगायचा नाही. तू विचारलेस तर चिडेल. पण नाशिक सोडलेस की घरी एक फोन कर. मक्याला कालच पाणी देऊन झाले आहे, असे तुझी आई आज फोनवर म्हणत होती. तरी तो आज सकाळपासून रस्त्याकडेच्या बांधावर खोरे घेऊन बसला आहे.

वेणीमाधवकाका